कापलेलं गाव

पेशइमाम आजाऱ्याच्या उशाशी यासीन पढून उठले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चपला पायात सरकवत त्यांनी तौफिकला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आता वेळ दवडू नका. अम्मीकडून मेहेर माफ करवून घ्या. बायकोचा मेहेर राहिला तर ते माणसावर कर्जच असतं. हे ओझं देऊन अब्बांना पाठवू नका."

तौफिकनं मान हलवली. त्यात त्याला अवघड असं काही वाटलं नाही. तुळजापुरातल्या त्यांच्या गल्लीत हे असंच चालत आलं होतं. नवऱ्याचा शेवट जवळ आला की बायकोला उशाशी आणायचं, तिनं 'मेहेर माफ केला' म्हणायचं, जमलेल्या बायकांनी पदर डोळ्याला लावायचे. लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायचा मेहेर बांधायचा तो जणू शेवटी माफ करून टाकण्यासाठीच. तौफिकच्या वडिलांच्या, चाँदपाशांच्या आईनं केला होता, मोठ्या चाचींनी केला होता. नवऱ्यानं जन्मभर काय दिलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

चाँदपाशा आतल्या खोलीत पडून होते. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. या माणसानं अख्खी हयात देवीच्या तसबिरी बनवण्यात घालवली. नवरात्रात बसगाड्या भरून येणारे भाविक त्यांच्या दुकानातली भवानी छातीशी धरून गावाला जात. त्याच हाताची बोटं आता चादरीवर नुसती पडून होती.

तौफिकची आई बिस्मिल्लाबी स्वयंपाकघरात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. सून रुकसाना त्यांच्याजवळ जाऊन टेकली.

"अम्मी, इमामसाब म्हणत्यात..."

"ऐकलं म्या."

"मग चला की आत. दोन शब्दांचं काम हाय."

"न्हाय करायची मी माफ."

रुकसानाला वाटलं, सासू दुःखानं काहीतरी बोलतेय. पण बिस्मिल्लाबींचा हात सुपात तसाच शांतपणे फिरत होता. या सासूला रुकसानानं इतक्या वर्षांत नाही म्हणताना पाहिलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तरी ती खायची, आणि आज नवरा मरणाच्या दारात असताना ही असं बोलतेय!

ती तडक बाहेर गेली आणि तौफिकला घेऊनच परत आली. पाठोपाठ शाहिस्ताही आली. शाहिस्ता तौफिकची धाकटी बहीण. नवऱ्याला सोडून सोलापुरात शिवणक्लास चालवायची आणि बापाच्या आजारपणासाठी येऊन राहिली होती. ती आल्यापासून रुकसानाचं आणि तिचं चहाच्या पातेल्यावरूनसुद्धा पटत नव्हतं.

"अम्मी, हे काय ऐकतोय मी?" तौफिक म्हणाला. "अब्बा आतमधी कसे पडल्यात ते दिसंना का तुम्हाला?"

"दिसतंय. रोज मीच पुसते त्यांना."

"मग?"

"माझा मेहेर आणून द्या. त्या भिंतीवर लावा. मग बघते."

तिघांनीही बैठकीच्या भिंतीकडं पाहिलं. त्या भिंतीवर आता टीव्ही होता. मेहेर म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येक पोरानं ती गोष्ट हसत हसत ऐकलेली होती.

ते एक चित्र होतं. नळदुर्गाकडच्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा चाँदपाशांच्या वडिलांनी काच आणि सागवानी चौकट मिळेल म्हणून ते उचलून आणलं होतं. आत परदेशातल्या कुठल्याशा गावाचा जुना छापा होता. बारीक काळ्या रेघांचा, वरून फिकट रंग भरलेला. खाली नदी, नदीवर कमानींचा पूल, काठाला कपडे धुणाऱ्या बायका, मागं उतरत्या छपरांची घरं, कड्यावर किल्ला आणि सगळ्यांच्या वर बर्फानं पांढरे झालेले डोंगर. गावाचं नाव खाली समासात छापलेलं होतं. पण चाँदपाशांनी ते आपल्या तयार चौकटीत बसवताना खालची पट्टी कापून टाकली. तसबीरवाला कॅलेंडरावरच्या देवीचं करतो तेच केलं त्यांनी. खाली किराणा दुकानाची जाहिरात असते, ती कापायची आणि देवी ठेवायची. तेव्हापासून ते गाव बिननावाचं झालं.

बिस्मिल्लाबी तेरखेड्याच्या. शोभेच्या दारूचं काम करणारं घर. त्यांची मोठी बहीण शेडमध्ये भाजून गेली, तेव्हा त्या लहान होत्या आणि पलीकडच्या शेडमध्ये वाती वळत होत्या. पुढं बापाबरोबर तसबीर करून घ्यायला त्या तुळजापूरला आल्या आणि दुकानात ते चित्र दिसलं. असं थंडगार गाव, जिथं काही पेटायचं नाही, जगात असू शकतं हे त्यांना तेव्हा कळलं. एका धुराड्यातून थोडा धूर निघत होता तेवढा मात्र त्यांना आवडला नाही. आणि तसं त्यांनी काउंटरमागच्या जवान चाँदपाशाला सांगितलंही. निकाहाच्या दिवशी वकील आणि साक्षीदार आत तिचा होकार विचारायला आले, तेव्हा पडद्यामागून ही पोरगी म्हणाली, "पैसा नको. ते चित्र द्या." बाप रागावला, काजी हसले, चाँदपाशा खूश झाले आणि मेहेर म्हणून चित्र लिहिलं गेलं.

मग काही वर्षांनी येरमाळ्याचे पुढारी उत्तरेश्वरराव घरी आले आणि चित्र गेलं.

"अम्मी," तौफिक समजुतीनं म्हणाला, "तो इतिहास तुम्हाला ठाऊक हाय. अतिक्रमणात दुकान उठणार व्हतं. उत्तरेश्वररावांनी शब्द टाकला म्हणून राहिलं. त्यांनी चित्र मागितलं, अब्बा न्हाय कसं म्हणतील? त्याच दुकानावर आपण सगळे जगलो. तुम्ही बी."

"मी कुठं म्हणते न्हाय जगले?"

रुकसाना मध्येच बोलली, "अन् मेहेर तर दिलाच व्हता की अब्बांनी. अदा झालेल्या मेहेराचं काय भांडायचं?"

"दिला अन् मला न इचारता परत घेतला. त्याला काय म्हणत्यात, ते तुझ्या इमामसाबांना इचार."

"अम्मीचं बरोबर हाय," शाहिस्ता म्हणाली.

"तू गप!" तौफिक तिच्यावर उखडला. "तुला काय, दोन दिवसांनी सोलापूरला जाशील. गल्लीत तोंड आम्हाला दाखवायचंय. लोक म्हणतील, बायकोनं सुद्धा माफ केलं न्हाय."

"म्हणू दे. मला त्या माणसापासून सुटायचं व्हतं, तवा अब्बांनीच मला चार पुरुषांत बसवून मेहेर सोडायला लावला ना? 'बोल बेटी, सोडला म्हण.' मी म्हणले. तोंडातनं निघालं म्हणजे मनातनं बी निघालं, असं तुम्हाला वाटतंय. अजून न्हाय निघालं, भाईजान."

त्या बैठकीत तौफिकही होता.

बाजी रुकसानानं पालटली. तिनं नवऱ्याला अंगणात ओढलं. "वाद घालू नका. येरमाळ्याला जा अन् आणा ते चित्र. मागून बघायला काय जातंय? संध्याकाळपर्यंत माणूस राहतंय का न्हाय सांगता येत न्हाय, अन् तुम्ही इथं बहिणीशी भांडत बसा." तिला चित्राचं सोयरसुतक नव्हतं. तिला हे प्रकरण निपटायला हवं होतं. पण त्या घरात त्या दिवशी कामाचं बोलली ती तीच.

*

येरमाळ्याच्या अलीकडं उत्तरेश्वररावांचा मळा होता. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांचा मुलगा रणधीर सगळं बघायचा. दुकानाची व्हॅन अंगणात शिरलेली पाहून तो स्वतः पायऱ्या उतरून आला.

"तौफिकभाई! चाँदपाशाचाचांची तब्येत कशी हाय?"

तौफिकनं सांगितलं. मग मान खाली घालून चित्राचंही सांगितलं. मेहेराचं सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "अम्मीची इच्छा हाय."

"कसलं चित्र?" रणधीरच्या कपाळावर आठी पडली. "आमच्या घरात तर तसलं काय न्हाय."

"हाय," त्याची आई द्वारकाबाई ओसरीवरून म्हणाल्या. "कडब्याच्या खोलीत, जुन्या पलंगामागं बघ."

रणधीरनं ते आणलं, तेव्हा तौफिकला क्षणभर कळेचना की हेच ते. काच तडकलेली. वरच्या बाजूनं वाळवी लागलेली. डोंगर बहुतेक गेले होते, किल्ला गेला होता, आभाळाच्या जागी मातीचे वाकडेतिकडे पापुद्रे होते. खालचा भाग तेवढा शाबूत होता, नदी, पूल आणि काठावरच्या बायका.

"हे कधी लावलंच न्हाय का तुम्ही?" तो न राहवून म्हणाला.

"कुठं लावायचं बाबा? त्यात देव न्हाय, वळखीचं माणूस न्हाय. मालकांनी आणलं अन् ठेवून दिलं."

तौफिकच्या मस्तकात तिडीक गेली. "एवढं हट्टानं मागून नेलं, काकू, अन् कडब्यात टाकलं?"

द्वारकाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "कुणी मागून नेलं?"

"उत्तरेश्वररावांनी. दुकानाच्या वेळी."

"तुला असं सांगितलं व्हय तुझ्या बापानं?" रणधीर म्हातारीला डोळ्यानं खुणावत होता, पण तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. "मी व्हते की तवा. देवीचं दर्शन करून तुमच्याकडं आलो. दुकानाचं काम आधीच झालं व्हतं, तेच सांगायला आलो व्हतो. चहा पिताना मालक भिंतीकडं बघून नुसतं म्हणले, 'बरं हाय की हे.' तुझा बाप खुर्चीवर चढला अन् काढलंच खाली. मालक म्हणले, 'राहू द्या, घरच्या बाईच्या हौशीचं दिसतंय.' तर म्हणतो कसा, 'बायकोचं काय मोठं, तिला दुसरं लावून देतो.' कागदात गुंडाळून गाडीत नेऊन ठेवलं. आता दिलेलं फेकायचं कुठं, म्हणून आणलं बाबा आम्ही."

तौफिकनं समोर आलेला चहा तसाच ठेवला. चित्र काखेत मारून तो निघाला.

येताना सगळ्या रस्त्यानं त्याला बापाचा राग येत होता आणि मरायला टेकलेल्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही येत होता. काम झालेलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. अब्बांनी मोठ्या माणसापुढं मोठं व्हायला बायकोची चीज देऊन टाकली आणि घरी येऊन मजबुरीची गोष्ट रचली. तीच गोष्ट तो सकाळी अम्मीला ठणकावून सांगत होता. पण हे आता सांगून काय होणार? अम्मी माफ करायची ती कधीच करणार नाही. धाराशिव मागं पडेपर्यंत त्याचं ठरलं होतं. हे कुणाला कळता कामा नये.

घरी जायच्या आधी तो दुकानात शिरला. असलं खराब झालेलं चित्र घरात कसं न्यायचं? त्यानं छापा चौकटीतून सोडवला, टेबलावर पसरला, लोखंडी पट्टी लावली आणि घरांच्या छपरांपाशी सरळ रेघेत कापला. वाळवीनं खाल्लेला वरचा भाग बाजूला झाला. त्याच्या हाताला विचार करावा लागला नाही. पाण्यानं भिजलेली, उंदरानं कुरतडलेली चित्रं गिऱ्हाइकं आणत आणि तो असाच चांगला तेवढा भाग काढून देई. राहिलेल्या तुकड्याला त्यानं सोनेरी पट्टीची नवीकोरी चौकट केली, काच पुसली, मागं पुठ्ठा ठोकला. कापलेलं गोळा करून कचऱ्यात टाकलं. काम मनासारखं झालं होतं.

*

बिस्मिल्लाबींनी तसबीर मांडीवर घेतली. काचेवरून हात फिरवला. बाहेर बायका जमू लागल्या होत्या आणि बैठकीत रुकसाना त्यांना पाणी देत होती. स्वयंपाकघरात त्या, तौफिक आणि शाहिस्ता एवढेच.

"डोंगर कुठाय?"

"वाळवीनं खाल्ला, अम्मी."

"सगळा?"

"सगळा न्हाय. पण वरचा भाग लई खराब झाला व्हता. कापून काढला. बघा, कसं छान दिसतंय आता."

"कापलेला कागद कुठाय?"

"तो... टाकला."

बिस्मिल्लाबींनी डोळे मिटले. खाल्लेला तर खाल्लेला. कुठं एखादं शिखर राहिलं असेल, बर्फाचा पांढरा तुकडा राहिला असेल. त्या बोटानं चाचपून सांगू शकल्या असत्या की इथं किल्ला होता, इथून वाट वर जायची. आता नदी होती आणि कपडे धुणाऱ्या बायका होत्या. धुणं धुणाऱ्या बायका त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. त्यासाठी त्यांना चित्र नको होतं.

पण त्यांना पोराला एकच गोष्ट विचारायची होती. ती विचारण्यासाठीच त्यांनी त्याला येरमाळ्याला जाऊ दिलं होतं. उत्तरेश्वरराव आले त्या दिवशी त्या पडद्याच्या अलीकडं भजी तळत होत्या. तेलाचा आवाज होता, पण कान शाबूत होते. 'बायकोचं काय मोठं,' हे त्यांनी ऐकलं होतं. त्यानंतर नवऱ्यानं चारचौघांत मजबुरीची गोष्ट सांगितली तेव्हाही ऐकली आणि दर वेळी त्या पानं वाढत राहिल्या. त्यांनी वाट पाहिली. आज ना उद्या हा माणूस एकटा गाठून म्हणेल, बिस्मिल्ला, चुकलं माझं. ते न म्हणताच त्याची वाचा गेली. आता घरातल्या दुसऱ्या कुणी खरं म्हटलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. त्या खरंच माफ करायला तयार होत्या.

"तौफिक, द्वारकाबाई भेटल्या का?"

"भेटल्या."

"काय म्हणल्या? उत्तरेश्वररावांनी मागितलं व्हतं का हे?"

तौफिकनं आईच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं. "व्हय अम्मी. मागितलंच व्हतं. काकू स्वतः म्हणल्या. लई मागं लागले व्हते म्हणे. अब्बांचा नाइलाज झाला."

बिस्मिल्लाबींनी त्याच्याकडं पाहिलं. हा त्यांचा पहिला मुलगा. जन्मला तेव्हा त्याला त्या चित्राखालीच निजवायच्या.

"बरं," त्या म्हणाल्या. तसबीर त्यांनी डाळीच्या डब्याला टेकवून ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मी आत जाते. कुणी येऊ नका."

तौफिकला सुटल्यासारखं झालं. तो बैठकीत जाऊन रुकसानाला खुणेनं सांगून आला. शाहिस्ता मात्र आतल्या खोलीच्या पडद्यापाशी उभी राहिली. तिला आईवर भरवसा नव्हता. चार माणसं जमली की बायका कशा विरघळतात, ते तिला स्वतःवरूनच माहीत होतं.

पडद्याच्या फटीतून तिला आई खाटेशी बसलेली दिसली. बापाचे डोळे उघडे होते आणि आईवर खिळलेले होते. आईनं चमच्यानं त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं, हनुवटीवरचा ओघळ पदरानं टिपला. चादर सारखी केली.

"तौफिकनं चित्र आणलं," ती म्हणाली. "कापून, बारकं करून आणलं. हात तुमच्यावाणीच बसलाय त्याचा."

चाँदपाशांच्या घशातून काहीतरी आवाज आला. त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत तिच्याकडं आला आणि तिच्या बांगड्यांपाशी थांबला. त्यांना काही सांगायचं होतं की नुसतं पाणी हवं होतं, ते कुणाला कळणार? बिस्मिल्लाबींनी तो हात उचलला, थोडा वेळ धरला आणि परत चादरीखाली ठेवून दिला.

मग त्या तशाच बसून राहिल्या. शाहिस्ता कान देऊन ऐकत होती. बाहेर बायका हळू आवाजात कलमा पढत होत्या. आईच्या तोंडून शब्द आला नाही. थोड्या वेळानं ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि पडदा सारून शाहिस्ताला ओलांडून थेट बैठकीत गेली.

"केला माफ," ती म्हणाली.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तौफिक लहान पोरासारखा रडायला लागला आणि आईच्या पायाशी बसला. रुकसानानं सासूला मिठी मारली. तिचं रडू खोटं नव्हतं.

शाहिस्तानं आईला स्वयंपाकघरात गाठलं. "अम्मी, तुम्ही तर काहीच बोलला न्हाय आत."

बिस्मिल्लाबींनी तिच्याकडं वळून पाहिलं. "कुणी इचारलं तर काय सांगशील?"

शाहिस्ताला त्या बैठकीतले चार पुरुष आठवले, मान डोलावणारा भाऊ आठवला, बापाचं ते 'बोल बेटी' आठवलं.

"केला म्हणून सांगीन," ती म्हणाली.

"मग झालं."

दुपारची सावली अंगणात उतरली तेव्हा चाँदपाशा गेले. फार त्रास झाला नाही. शेवटचं पाणी तौफिकनं घातलं. बातमी गल्लीत गेली, दुकानं अर्धी मिटली, तसबिरी विकणारे शेजारचे दुकानदार उपरणी खांद्यावर टाकून आले. आणि रुकसाना येणाऱ्या प्रत्येक बाईला दारातच सांगू लागली, "अम्मीनं माफ केलं बघा, त्याच्यासाठीच जीव अडकला व्हता. शब्द ऐकला अन् शांतपणे गेले."

बायका आत येऊन बिस्मिल्लाबींचे हात हातात घेत. किती मोठं मन तुमचं, म्हणत. नशीबवान माणूस, अशी बायको मिळाली, म्हणत. बिस्मिल्लाबी एकेकीकडं पाहून मान हलवत होत्या. आता मरेपर्यंत त्यांना हेच ऐकायचं होतं, आणि दर वेळी व्हय म्हणायचं होतं.